मोठं म्हणजे किती मोठं? मुलांचा गळा, क्ष-किरण आणि सुरी

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वैद्यकाच्या इतिहासातला आहे, पण तो समजायला डॉक्टर असण्याची काही गरज नाही. ज्यांच्या घरात तान्हं मूल वाढलंय, त्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक असेल.

बाळ महिन्या-दीड महिन्याचं असतं. दूध पितं, हसतं, वजनही वाढतंय. पण श्वास घेताना घशातून घर्र, घर्र असा आवाज येतो. रडलं की आवाज वाढतो. आजी म्हणते, कफ आहे. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. डॉक्टर कान देऊन ऐकतात. आज त्यांच्याकडे आत डोकावून पाहायची साधनं आहेत. शंभर वर्षांपूर्वी नव्हती. जी होती, त्यांतून दिसायचं एक आणि समजायचं दुसरंच. त्यातून काय झालं, त्याची ही गोष्ट आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. या गोष्टीतला संन्यासी म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागे, गळ्याच्या पायथ्याशी असलेली एक मऊ ग्रंथी. इंग्रजी वैद्यकात तिला थायमस म्हणतात. मराठी विश्वकोशात तिच्यासाठी फार सुंदर शब्द आहे, यौवनलोपी ग्रंथी. तारुण्य आलं की लोप पावत जाणारी. जन्माच्या वेळी साधारण दहा-पंधरा ग्रॅम, वयात येईपर्यंत थोडी वाढते, आणि मग हळूहळू तिची जागा चरबी घेते. म्हणजे बाळाच्या छोट्याशा छातीत ही ग्रंथी मोठीच दिसणार, कारण ते तिचं राज्य करायचं वय असतं. ही साधी गोष्ट कळायला वैद्यकाला फार वेळ लागला. तोवर हजारो मुलांच्या गळ्यावर त्याची किंमत नोंदली गेली.

संशयाची सुरुवात

१६१४ मध्ये बाझल शहरातल्या फेलिक्स प्लाटर या वैद्यानं एका पाच महिन्यांच्या बाळाची नोंद केली. बाळ अचानक गुदमरून गेलं होतं. शवविच्छेदनात त्याला गळ्याशी वाढलेली ग्रंथी दिसली. ती मोठी आहे, शेजारी श्वासनलिका आहे, म्हणजे हिनंच ती दाबली असणार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला तसं हे झालं.

१८३० मध्ये योहान कोप या जर्मन डॉक्टरनं या कल्पनेला नाव दिलं, थायमसचा दमा. एकदा नाव मिळालं की आजार पक्का होतो. मग तान्ह्या मुलाचा श्वास अडला की हे नाव द्यायची पद्धत पडली.

त्या काळातही शंका घेणारा माणूस होता बरं का. फ्रँकफर्टच्या अलेक्झांडर फ्रीडलेबेननं या ग्रंथीचा कसून अभ्यास केला आणि १८५८ मध्ये स्पष्ट लिहिलं की थायमसचा दमा असं काही नसतंच. ग्रंथी मऊ असते, ती अशी नळी दाबून टाकत नाही. काही वर्षं त्याचं ऐकलंही गेलं.

मग १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या आर्नोल्ड पाल्टाउफनं नवाच सिद्धांत मांडला. ग्रंथी नळी दाबत नसेल, तर नसो. पण ज्या मुलांची ही ग्रंथी आणि टॉन्सिलसारख्या लसिका ग्रंथी मोठ्या असतात, त्यांची शरीरप्रकृतीच नाजूक असते. जरासा धक्का बसला, भूल दिली, सुई टोचली की ती दगावतात. लॅटिनमधलं भारदस्त नाव पडलं, स्टेटस थायमिको-लिम्फॅटिकस.

हा सिद्धांत इतका का चालला? कारण त्या काळच्या डॉक्टरला त्याची फार गरज होती. १८९०च्या दशकात घटसर्पावर प्रतिविष आलं होतं. हजारो मुलं वाचत होती. १८९६ मध्ये बर्लिनमधल्या एका प्राध्यापकाचा लहान मुलगा प्रतिविषाची सुई दिल्यावर लगेच गेला. देशभर खळबळ उडाली. औषध दोषी की मूलच तसं होतं? दुसरीकडे क्लोरोफॉर्मची भूल. टॉन्सिल काढण्यासारखी छोटी शस्त्रक्रिया, धडधाकट मूल, आणि टेबलावरच खेळ खलास. आई बाहेर बसलेली. तिला काय सांगायचं? अशा वेळी शवविच्छेदनात मोठी थायमस सापडायची, आणि उत्तर मिळायचं: मुलाची प्रकृतीच तशी होती, कुणाचा दोष नाही.

हे सगळे डॉक्टर लबाड नव्हते. त्यांना खरोखर मोठी ग्रंथी दिसत होती. प्रश्न एवढाच होता की मोठी म्हणजे कशाच्या तुलनेत?

सावली दिसू लागली

१८९५च्या नोव्हेंबरात राँटगेनला क्ष-किरण सापडले. आतापर्यंत ही ग्रंथी फक्त मेलेल्या मुलात दिसायची. आता जिवंत मुलात तिची सावली दिसू लागली. दोन फुप्फुसांच्या मधोमध, हृदयाच्या वर, एक रुंद पांढुरकी सावली.

त्या सावलीचा स्वभावही समजून घ्या. ग्रंथी मऊ असते. बाळानं श्वास आत घेतला की ती लांबट, अरुंद दिसते. श्वास सोडला, किंवा बाळ रडलं, की पसरून रुंद दिसते. आता सांगा, फोटो काढायला आडवं धरून ठेवलेलं तान्हं मूल काय करणार? रडणारच. म्हणजे निम्म्या फिल्ममध्ये ग्रंथी ऐसपैस पसरलेली. शिवाय काही मुलांत तिची कड एका बाजूला होडीच्या शिडासारखी बाहेर आलेली दिसते. आज बालक्ष-किरणतज्ज्ञ विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यातच शिकवतात, की हे शीड दिसलं तर निर्धास्त राहा, हे निरोगीपणाचं लक्षण आहे. तेव्हा त्याला वाढ म्हटलं गेलं.

निदान झालं की उपचार आला. आधी सुरी. फ्रँकफर्टचा शल्यचिकित्सक लुडविग रेन यानं १८९६ मध्ये एका मुलाच्या गळ्यातून ही ग्रंथी वर ओढून छातीच्या हाडाशी टाके घालून बांधली. त्याच वर्षी त्यानं जखमी हृदयाला टाके घालून माणूस वाचवला होता. असा हा कसलेला हात. पुढे इतरांनी ग्रंथी काढूनही टाकल्या. पण तान्ह्या मुलाचा गळा, शेजारी मोठ्या रक्तवाहिन्या, भूल क्लोरोफॉर्मची. बरीच मुलं टेबलावर किंवा नंतर लगेच दगावत.

तेवढ्यात दुसरी वाट सापडली. १९०३ मध्ये जर्मनीत हाइनेकेनं प्राण्यांवर दाखवलं, की क्ष-किरणांनी लसिका ऊती झपाट्यानं आक्रसतात. १९०७ मध्ये सिनसिनाटीच्या आल्फ्रेड फ्रीडलँडरनं श्वासाला त्रास होणाऱ्या एका बाळाच्या थायमसवर क्ष-किरण सोडले. सावली लहान झाली. बाळाचा श्वासही सुधारला. सुरी नाही, रक्त नाही, वेदना नाही. त्या काळच्या माणसाला हे किती मोठं वाटलं असेल!

आणि मग ही पद्धत पसरली, मुख्यतः अमेरिकेत. घर्रघर्र करणाऱ्या बाळाला किरण. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी छातीचा फोटो, सावली रुंद दिसली तर किरण. काही ठिकाणी तर काहीही त्रास नसलेल्या नवजात बाळांनाही, पुढे धोका नको म्हणून, किरण दिले गेले. उपचार लागू पडतो यात कुणाला शंकाच उरली नाही, कारण मुलं खरंच बरी होत होती. किरण न देताही ती बरी झाली असती का, हे पाहायला कुणी थांबलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला असता, पण सुंठ दिलेली असली की श्रेय सुंठीलाच जातं.

सामान्य माप कुणाचं?

आता मूळ प्रश्नाकडे या. सामान्य थायमस एवढीच असते, हे माप आलं कुठून?

आलं शवविच्छेदनाच्या टेबलावरून. आणि त्या टेबलावर कोण यायचं? ब्रिटनमध्ये १८३२च्या शरीररचना कायद्यानं अनाथालयात, गरिबांच्या आश्रयगृहात मेलेल्या बेवारस माणसांची शवं वैद्यकीय शाळांना मिळू लागली. युरोपात इतरत्रही साधारण हीच परिस्थिती. म्हणजे टेबलावर येणारं मूल बहुतेक वेळा गरीब, कुपोषित, महिनोन् महिने क्षय किंवा जुलाबानं खंगून गेलेलं. आणि या ग्रंथीचं वैशिष्ट्य असं, की शरीरावर ताण आला, उपासमार झाली, ताप आला, की सगळ्यांत आधी ती आक्रसते. काही दिवसांत निम्म्यावर येते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या आउगुस्ट हामारनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बारकाईनं दाखवून दिलं.

म्हणजे काय झालं बघा. खंगून मेलेल्या गरीब मुलाची आक्रसलेली ग्रंथी हे सामान्य माप ठरलं. आणि खातंपितं, गुटगुटीत मूल अपघातानं, भुलीनं किंवा झोपेत अचानक गेलं, की त्याची निरोगी, पूर्ण वाढलेली ग्रंथी बघून डॉक्टर म्हणायचे, अरे बापरे, केवढी मोठी! ज्यांना आजारी ठरवलं तीच मुलं निरोगी होती. फूटपट्टीच आखूड होती, आणि दोष मात्र कापडाला दिला.

अशी फूटपट्टीची चूक फक्त थायमसबाबत झाली असं नाही. गळ्यातलंच दुसरं उदाहरण घ्या, टॉन्सिल. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शाळेतल्या अकरा वर्षांच्या १,००० मुलांची पाहणी झाली. त्यांतल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना शाळेच्या डॉक्टरांनी तपासलं. १७४ जणांना सांगितलं, काढायला हवेत. राहिले २१५. यांचे टॉन्सिल ठीक आहेत असा निर्वाळा मिळालेला होता. त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ९९ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. राहिले ११६. दोनदा पास झालेली मुलं. त्यांना तिसऱ्यांदा तपासलं, तर ५१ जणांना पुन्हा शस्त्रक्रिया! एक हजारांतून टॉन्सिलसकट सुटले फक्त ६५. दर वेळी जवळपास तेवढंच प्रमाण, पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे डॉक्टर घशात बघून माप घेत नव्हते, समोरच्या रांगेतली निम्मी मुलं आजारी असणार ही समजूत मनात धरून घसा बघत होते.

शेजारची ग्रंथी

शंका घेणारे पुन्हा उभे राहिले. ब्रिटनमध्ये १९२६ साली या स्टेटस लिम्फॅटिकसचा छडा लावायला एक समितीच नेमली गेली. अपघातानं किंवा अचानक गेलेल्या निरोगी माणसांच्या ग्रंथी गोळा करून त्यांची वजनं घेतली, वयानुसार मांडली. यंग आणि टर्नबुल यांनी १९३१ मध्ये निष्कर्ष छापला: असा काही आजार असल्याचा पुरावा नाही. विषय इथंच संपायला हवा होता.

संपला नाही. अमेरिकेत थायमसवर किरण देणं १९४०च्या दशकातही चालूच राहिलं. छापलेला निष्कर्ष एकीकडे आणि घाबरलेली आई दुसरीकडे. डॉक्टरच्या हातात काहीतरी करायचं साधन असलं, की काहीही न करणं फार कठीण जातं.

आता त्या किरणांच्या वाटेत अजून कोण होतं, ते पाहू. थायमसच्या लगेच वर, गळ्यात, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते, आपण जिला थायरॉइड म्हणतो. तान्ह्या बाळाचा गळा तो केवढा? दोन बोटांचा. छातीवर सोडलेल्या किरणांतून ती सुटणार कशी? आणि वाढत्या वयातली थायरॉइड किरणांच्या बाबतीत शरीरातल्या सर्वांत हळव्या अवयवांपैकी एक आहे. मूल जितकं लहान तितका धोका जास्त.

१९५० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या २८ मुलामुलींच्या नोंदी पाहिल्या. मुलांमध्ये हा आजार तसा दुर्मीळ. आधीचा इतिहास तपासला, तर जवळपास एक तृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमसवर किरण दिलेले निघाले. हा संबंध आहेच असं त्यांनी ठामपणे म्हटलं नाही, पण लोकांनी तपास करावा, असं सुचवलं. १९५५ मध्ये सिम्प्सन, हेम्पेलमन आणि फुलर यांनी तो तपास केला. न्यूयॉर्क राज्यातल्या अशा १,७०० हून अधिक मुलांचा माग काढला, आणि तुलनेसाठी त्यांच्याच भावंडांचा. किरण न मिळालेल्या भावंडांच्या मानानं किरण मिळालेल्या मुलांत थायरॉइडचा कर्करोग ठळकपणे जास्त होता. भावंडं घेण्यातली हुशारी तुमच्या लक्षात आली असेल. तेच घर, तेच आईबाप, तेच अन्न. फरक फक्त किरणांचा.

मग एकेक पदर उलगडत गेला. थायमसच नाही, वाढलेले टॉन्सिल, ॲडिनॉइड, मुरुमं, डोक्यातलं गजकर्ण, सगळ्यांवर किरण दिले गेले होते. इस्रायलमध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना गजकर्णासाठी डोक्यावर किरण दिले होते. बारूख मोदान यांनी १९७४ मध्ये अशा दहा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात डोक्याच्या आणि गळ्याच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं होतं. त्याच वर्षी शिकागोच्या मायकेल रीज रुग्णालयानं एक धाडसाचं काम केलं. १९३९ ते १९६२ या काळात तिथं पाच हजारांवर मुलांना टॉन्सिल आणि तत्सम तक्रारींसाठी किरण दिले होते. जुनी दप्तरं उघडून, पत्ते शोधून, त्यांना पत्रं पाठवली: या, आम्हाला तुमचा गळा तपासायचा आहे. आपल्याच जुन्या उपचारानं अपाय झाला असेल, हे आपणहून कळवणं सोपं नसतं. त्या पत्रांमुळे कितीतरी जणांच्या गाठी वेळेत सापडल्या.

या आजारातून बहुतेक जण वाचतात, हे खरं. पण वाचतात म्हणजे कसे? गळा उघडून थायरॉइड काढावी लागते. तिच्या मागून आवाजाची नस जाते, ती दुखावली तर आवाज बसतो. शेजारी कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारक्या ग्रंथी असतात, त्या वाचवाव्या लागतात. आणि जन्मभर रोज सकाळी एक गोळी. जो आजार नव्हताच, त्याच्या उपचारापायी हे सगळं.

मग खरा चोर कोण?

घर्रघर्र आवाज तर खरा होता. तो कुठून यायचा?

हे कळायला घशात डोळा पोचायला हवा होता. मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकानं १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्यानं स्वतःचे स्वरतंतू पाहिले, आणि मोठ्या माणसांचा घसा डॉक्टरांना दिसू लागला. पण तान्हं मूल काही आ करून बसत नाही. १८९५ मध्ये बर्लिनच्या किर्श्टाइननं जीभ दाबून सरळ स्वरयंत्र पाहायची रीत काढली. अमेरिकेत शेव्हालिये जॅक्सननं मुलांसाठी बारीक नळ्या बनवून त्यात हयात घालवली, गिळलेली नाणी, पिना, दाणे श्वासनलिकेतून काढले. १९४२ मध्ये जॅक्सन पितापुत्रांनी एका अवस्थेला नाव दिलं, लॅरिंगोमलेशिया. तान्ह्या मुलाच्या स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ, लुळा असतो. श्वास आत घेताना तो आत ओढला जातो, थरथरतो, आणि घर्र असा आवाज येतो. १९६८ मध्ये जपानच्या सावाशिमा आणि हिरोसे यांनी लवचीक प्रकाशतंतूंची दुर्बीण नाकातून स्वरयंत्रापर्यंत नेली. पुढे ती मुलांसाठी बारीक झाली. आता आईच्या मांडीवरच बाळाच्या नाकातून ती सारतात, आणि पडद्यावर चालता-बोलता घसा दिसतो.

आणि गंमत पाहा. हा मऊपणा बहुतेक मुलांत दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्या बाळांचे श्वास किरणांमुळे सुधारले असं वाटलं, त्यांतली पुष्कळशी हीच असणार. थोड्या मुलांना खरा त्रास होतो, वजन वाढत नाही, श्वास ओढताना छाती खड्डे पाडते. त्यांच्यासाठी तोंडावाटे दुर्बिणीतून स्वरयंत्राचा तो लुळा भाग छाटण्याची शस्त्रक्रिया आहे. बाहेर एक टाकाही दिसत नाही.

भुलीतल्या मृत्यूंचा चोरही सापडला. त्या शोधात आपल्या बाजूचाही एक दुवा आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या निजाम सरकारनं पैसा पुरवून १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसवले. त्यांनी सांगितलं, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवा. सल्ला चांगला, पण अर्धा. १९११ मध्ये गुडमन लेवी या ब्रिटिश डॉक्टरनं मांजरांवर दाखवलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय बिघडून ते अचानक थांबू शकतं, विशेषतः अंगात ॲड्रेनलिन उसळलेलं असताना. भेदरलेलं, रडणारं मूल आणि हलकी भूल. ग्रंथीचा काही संबंध नव्हता.

झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. पण १९९०च्या दशकात बाळांना पालथं न झोपवता उताणं झोपवायला सांगितल्यावर अनेक देशांत असे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. उपाय इतका साधा होता.

आणि आपला संन्यासी? १९६१ मध्ये लंडनमध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली. उंदीर खंगले, साध्या संसर्गानं मेले. तेव्हा कळलं की ही ग्रंथी म्हणजे रोगप्रतिकारशक्तीची शाळा आहे. जिला आपण निरुपयोगी, धोकादायक म्हणून जाळत होतो, ती मुलाच्या पांढऱ्या पेशींना आपलं कोण, परकं कोण हे शिकवत होती.

आजचा गळा

यातून वैद्यक काय शिकलं? एक, साधनांचा क्रम. मुलाच्या गळ्यावर गाठ आली तर पहिली तपासणी सोनोग्राफी. किरण नाहीत, भूल नाही, बाळ आईजवळच. पुढे गरज असेल तर एमआरआय. त्यातही किरण नाहीत, पण बराच वेळ निश्चल राहावं लागतं, म्हणून मोठ्या बाळाला भूल द्यावी लागते. अगदी तान्ह्याला दूध पाजून, नीट गुंडाळून झोपेतच करतात. सीटी स्कॅन झटपट होतो, खोल पू झाला असेल, मार लागला असेल, तर तो जीव वाचवतो. पण त्यात किरण असतात, म्हणून मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा कमी करायची. २००१ नंतर यावर मोठी चर्चा झाली, आणि २००८ मध्ये अमेरिकेत मुलांच्या तपासण्या हळुवारपणे करा असं सांगणारी इमेज जेंटली ही मोहीम सुरू झाली. आपल्याकडे क्ष-किरण यंत्रांवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियमन मंडळ १९८३ पासून मुंबईत आहे.

दोन, कापण्याआधी विचारायचा प्रश्न. एक उदाहरण देतो. मुलाच्या गळ्यावर मधोमध गाठ येते, जीभ बाहेर काढली की वर सरकते. गर्भात थायरॉइड जिभेच्या मुळापासून खाली उतरते, त्या वाटेचा उरलेला हा अंश. नुसती गाठ काढली की ती पुन्हा येते. मेयो क्लिनिकच्या सिस्ट्रंकनं १९२० मध्ये सांगितलं, की तिच्यासोबत गळ्यातल्या छोट्या हाडाचा मधला तुकडा आणि जिभेपर्यंतची वाट काढा. आजही तीच शस्त्रक्रिया होते. पण आज त्याआधी सोनोग्राफी करून एक गोष्ट पाहतात: थायरॉइड आपल्या जागी आहे ना? कारण क्वचित ती गाठ हीच मुलाची एकुलती एक थायरॉइड असते. न पाहता काढली तर पुन्हा संन्यासीच फासावर.

मग आता सगळं ठीक झालं का? शेवटची गोष्ट अलीकडची आहे. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीजकेंद्रात दुर्घटना झाली. चेर्नोबिलनंतर मुलांत थायरॉइडचे कर्करोग वाढल्याचं जगाला ठाऊक होतं. म्हणून फुकुशिमातल्या सुमारे तीन लाख मुलांच्या गळ्याची सोनोग्राफी झाली. हेतू उत्तम, साधन निर्धोक. पहिल्याच फेरीत शंभरावर मुलांत कर्करोग किंवा त्याचा दाट संशय निघाला. बहुतेकांच्या शस्त्रक्रिया झाल्या. किरणांचा परिणाम म्हणावा तर इतक्या लवकर तो दिसत नाही, आणि मात्राही चेर्नोबिलपेक्षा खूप कमी होती. मग हे काय होतं?

तोच जुना प्रश्न. निरोगी मुलांच्या गळ्यात इतक्या बारकाईनं आधी कुणी पाहिलंच नव्हतं. माप नव्हतं. जपान सरकारनं मग आओमोरी, यामानाशी आणि नागासाकी या दूरच्या तीन प्रांतांतल्या चार हजारांवर मुलांची तशीच तपासणी केली. तिथंही बारीक गाठी आणि पाण्याचे फुगे जवळपास त्याच प्रमाणात सापडले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचं मत असं, की वाढलेला आकडा किरणांपेक्षा बारीक तपासणीमुळे आलेला आहे. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं सांगितलं, की अणुदुर्घटनेनंतरही सरसकट सगळ्यांची अशी तपासणी करू नये. सोनोग्राफीत किरण नसतात, पण सोनोग्राफीत दिसलेल्या ठिपक्यामागून सुरी येऊ शकते.

१९०७ चं सावलीचं यंत्र आणि आजचं यंत्र यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण पाहिलेल्या गोष्टीला आजार म्हणायच्या आधी निरोगी मुलांत ती किती वेळा दिसते, हे विचारावं लागतं, आणि ते यंत्र सांगत नाही. ते निरोगी मुलांना मोजूनच कळतं. खंगून गेलेल्या मुलांवरून काढलेलं माप असो की कधीच न काढलेलं माप असो, परिणाम एकाच गळ्यावर होतो.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: हे ऐकून भीती वाटते. मुलाचा छातीचा एक्स-रे सांगितला तर नको म्हणायचं का?*

नाही, अजिबात नाही. त्या काळी उपचार म्हणून दिलेली मात्रा आणि आजच्या एका छातीच्या फोटोची मात्रा यांत हजारो पटींचा फरक आहे. न्यूमोनियाचा संशय असेल, मुलानं नाणं गिळलं असेल, तर एक्स-रे हवाच. आणि बटणासारखी बॅटरी गिळल्याची शंका असेल तर एक मिनिटही दवडू नका. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजू लागते. डॉक्टरांना फक्त एवढं विचारा: या तपासणीनं उपचारात काय बदलणार आहे? चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

*प्रश्न: लहानपणी असे किरण घेतलेली माणसं आजही असतील ना?*

असतील. आज ती साठी-सत्तरीत किंवा त्याहून मोठी असतील. लहानपणी डोक्यावर, गळ्यावर किंवा छातीवर किरणांचा उपचार झाला असेल, तर आपल्या डॉक्टरांना तो सांगून ठेवावा. आणि जुने कागद असतील तर ते फेकू नयेत. शिकागोमध्ये माणसं सापडली ती कुणीतरी दप्तरं जपून ठेवली होती म्हणूनच.